काट्यावर काळी पट्टी

“इथं रेंज येते का हो?”

माले गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांना मी पहिला प्रश्न हाच विचारला. भाडं नंतर, पाणी नंतर. सोपानअण्णा पडवीत चटईवर एका जुन्या रेडिओचं पोट उघडून, त्यात तोंड घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कुनाची?”

“म्हणजे?”

“रेंज कुनाची? मोबाईलची म्हनशील तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोन काड्या. रेडिओची म्हनशील तर सगळीकडं. आन आमच्या हिची म्हनशील, तर पार धरनाच्या भिंतीपर्यंत.”

“ऐकलं बरं का मी,” आतून एका बाईचा आवाज आला.

“बघ. भिंतीतनं आरपार,” अण्णा म्हणाले, आणि मग कुठं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खोली दाखवायचं राहिलंच. आधी मला फोन घेऊन जिन्याच्या एकेका पायरीवर उभं केलं. प्रत्येक पायरीवरून आईला परभणीला फोन लाव म्हणाले. मी “आई, ऐकू येतंय का?” म्हटलं, तर खालून ओरडले, “तसं न्हाई इचारायचं! ऐकू येतंय का इचारलं की मानूस येतंय म्हनतो. सवय असती जिभंला. काल भाजी काय केली ते इचार. भाजी बरोबर सांगितली म्हंजी ऐकू आलं.”

पाचव्या पायरीवर आई वैतागली. “अगं, पाच वेळा सांगितलं, दोडका! तिथं जेवायला मिळत नाही का तुला?”

अण्णांनी पायऱ्यांचे आकडे एका लांबट वहीत लिहिले, तारीख टाकली, माझी सही घेतली. मग म्हणाले, “आता खोली बघ. नाव काय तुझं? ऱ्हाऊ दे, परभनी म्हनतो.” आणि अडीच वर्षं मी परभणीच राहिले. माझ्या आधीच्या भाडेकरूला ते जळगाव म्हणायचे.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते म्हणा ना. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात, बाकीचे तिसऱ्या पायरीवर. कंपनीनं आम्हाला टेस्टिंगचं प्रशिक्षण दिलं, प्रमाणपत्रं दिली, गळ्यात अडकवायला पट्टे दिले. पण तपासणं म्हणजे काय हे मी शिकले ते ह्या सत्तरीच्या माणसाकडून, आणि शिकले तेही एक भली मोठी लबाडी करून. ती पुढं येईलच.

अण्णांची सगळी नोकरी सरकारी खात्यात बिनतारी यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्त होऊन गावी आले, खाचरात इंद्रायणी भात लावू लागले, पण कानाचं येड काही सुटलं नाही. छपरावर बांबूला बांधलेली एरियल होती. हौशी बिनतारीवाल्यांना बोलायचा परवाना मिळतो, तो त्यांच्या नावाचा चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगला होता. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, रोज देवाबरोबर त्यालाही हळदकुंकू लावायच्या, त्यामुळे त्यावरचं नाव धड वाचता येत नव्हतं. गावात त्यांना वायरलेसअण्णा म्हणत. उंच, काटकुळा माणूस. खिशाला दोन पेनं. पेन्सिल त्यांना चालत नसे. वहीतला चुकीचा आकडा एका रेघेनं खोडायचा, गिरवायचा नाही, खालचा दिसला पाहिजे, आणि शेजारी सही. “चूक लपवली की ती पुन्हा हुती,” हे ते इतक्या वेळा म्हणायचे, की पुढं पुढं काकी त्यांच्याआधी म्हणून टाकायच्या.

तपासायची खोड अशी, की घरात नवी वस्तू आली की तिची धडगत नसे. कुकर आला तर शिट्टी खाचरापर्यंत पोचते का, हे बघायला स्वतः बांधावर जाऊन उभे. देवळाचा नवा भोंगा आला तेव्हा सप्त्याचे पहिले तीन दिवस गावानं कीर्तन ऐकलं, आणि अण्णा टेकडीवर उभं राहून हाताच्या बोटांनी मार्क देत राहिले. बुवांना पहिल्या दिवशी दोनच बोटं दिसली, ते बिचारे खट्टू झाले. मार्क भोंग्याला आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

त्यांचे मार्क सोपे होते. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला. चार म्हणजे खरखर आहे पण कळलं. असं उतरत उतरत एक म्हणजे कुणीतरी बोलतंय एवढंच, आणि शून्य म्हणजे काही नाही. आता यंत्राला स्वतःचा काटा असतोच की आवाजाचा जोर दाखवायला, हल्ली तर पडद्यावर काड्याच उठतात. पण अण्णा तपासणीला बसले की पहिलं काम म्हणजे त्या पडद्यावर काळी चिकटपट्टी. “काटा दिसला की कान आळशी हुतो,” म्हणायचे. “काटा वर गेला की वाटतं ऐकू आलं. यंत्र काय दावतं त्याला महत्त्व न्हाई, मानसाला काय कळलं ते लिवायचं.” आणि लांबून बोलणाऱ्यानं ठरलेलं वाक्य बोलायचं नाही हा दुसरा नियम. ओळखीचं असलं की माणूस ऐकत नाही, आठवतो.

आणि एक तिसरा नियम होता, तो वहीत कुठंच नव्हता. कोळवणला फार्महाऊस घेतलेले एक साहेब एकदा जीप घेऊन दारात आले. चांगले मिठाईचा पुडा वगैरे घेऊन. त्यांना असं यंत्र लावून हवं होतं की पोलिसांचं, शेजारपाजाऱ्यांचं, कुणाकुणाचं बोलणं घरबसल्या ऐकता यावं. “नुसतं ऐकायचंय हो, आपण कुठं कुणाला सांगणार!” ते हसून म्हणाले.

अण्णांनी पुडा त्यांच्या हातात परत ठेवला. “सायेब, म्या उभ्या जन्मात दुसऱ्याच्या घरात कान घातला न्हाई. चुकून कुनाचं लागलं तर चकती फिरवतो. जीप मागं घेताना तेवढं वाफ्याकडं बघा, मिरची लावलीय.” साहेब गेले. अण्णा मात्र दिवसभर धुसफुसत होते, की मी काय त्यांना तसला दिसलो का म्हणून.

ह्या माणसाच्या आयुष्यातली मोठी तपासणी आली ती मी तिथं राहायला गेल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

धरणाच्या तळ्याच्या मागच्या अंगाला, ताम्हिणीपर्यंत, जी गावं आहेत तिथं पावसाळ्यात लाइट जाते, मग मोबाईलचे टॉवर मुके होतात, आणि दोन-दोन दिवस तिकडचं काही कळत नाही. कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणाला अडली, तर निरोप आणायला माणूसच चालत येणार. पाच गावांनी मिळून एक मदतगट केला. तिकडून बोलायला परवानेवाला माणूस होता: दत्तूभाऊ, एसटीचे निवृत्त कंडक्टर, निव्याचे. अण्णांनीच त्यांना साठीत बिनतारीच्या परीक्षेला बसवून पास केलं होतं. अडचण इकडची होती. माल्यात दिवसभर ऐकत बसायला यंत्र नव्हतं. अण्णांचं जुनं यंत्र आदल्या वळवात वीज पडून जळालं होतं. म्हणून गटानं नवा स्कॅनर मागवला. स्कॅनर म्हणजे बॅटरीवर चालणारं, नुसतं ऐकणारं यंत्र. त्यातून बोलता येत नाही. ठरवून दिलेल्या जागा एकामागून एक चाचपत राहतं, कुणी बोललं की तिथं थांबतं आणि ऐकवतं.

विकणाऱ्यानं आठ दिवस बघायला दिला होता. ताम्हिणीच्या खिंडीतला आवाज आला तर ठेवायचा, नाही तर परत. परत गेला तर दुसरा दिवाळीनंतर. म्हणजे तो पावसाळा तिकडच्या लोकांनी पुन्हा रामभरोसे काढायचा. आणि आला की नाही हे ठरवणार अण्णांची वही. त्याबद्दल पाचही गावांत कुणाचं दुमत नव्हतं.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही बसलो. पडवीत टेबल, टेबलावर मुठीएवढा तो काळा डबा, त्याच्या पडद्यावर काळी पट्टी. अण्णा खुर्चीत, मी वही घेऊन शेजारी. लिहिणारा दुसरा असला पाहिजे हाही नियमच. दत्तूभाऊ मोटारसायकलवर यंत्र घेऊन निघाले होते. दर अर्ध्या तासाला एक मुक्काम: माल्याचा एसटी थांबा, धरणाची भिंत, पळसे, निवे, आणि बरोबर बाराला ताम्हिणीची खिंड. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी उघडायची, ती तीनदा वाचायची, पुढं निघायचं.

चिठ्ठ्या कुणी लिहायच्या? अण्णांना मजकूर कळता कामा नये, म्हणून हे काम वर्षानुवर्षं काकींकडे होतं. यमुनाकाकी सातवी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. आणि त्यांनी ह्या कामाचा असा काही फायदा करून घेतला होता, की बस्! नवऱ्याला जे जे सांगायचं ते सगळं त्या चिठ्ठ्यांत. घरात बोललं तर अण्णा हूं म्हणून सोडून द्यायचे. पण रेडिओवरून आलेलं वाक्य त्यांना मोठ्यानं उच्चारून वहीत टाकावं लागायचं.

दहा वाजता डबा खरखरला. दत्तूभाऊंचा आवाज म्हणजे भरलेल्या गाडीत “पुढं सरका” म्हणणारा आवाज. “चिठ्ठी एक. गॅस संपत आलाय. टिंग टिंग.” बोलणं संपलं की तोंडानं डबल बेल द्यायची त्यांना सवयच होती.

“गॅस संपत आलाय. पाच,” अण्णा म्हणाले. मी लिहिलं.

साडेदहा. “चिठ्ठी दोन. मोरीतला नळ गळतोय. टिंग टिंग.”

“मोरीतला नळ गळतोय. पाच.” आणि मग मागं वळून, “गळत न्हाई त्यो!”

“गळतोय!” आतून काकी.

“मग मला कसा आवाज यीत न्हाई?”

आत काकींनी भांडं आपटलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

अकराला पळशाहून चिठ्ठी आली, धाकटीला फोन करा. अण्णांनी दुसऱ्या वेळेला मान हलवली, “चार.” निव्याहून आलेली चिठ्ठी त्यांनी तिन्ही वेळा ऐकली, कान डब्याला चिकटवून. “दळन आनायचं ऱ्हायलंय. तीन.” मला ती पहिल्याच वेळी कळली होती. पण मनात म्हटलं, अण्णांचं मोजमाप कडक आहे, आपल्याला काय कळतंय त्यातलं. मी तीन लिहिलं.

बारा वाजले. उन्हात छपराचे पत्रे तडतडत होते. अण्णांनी आवाजाची चकती पुरी फिरवली. खरखर. मग त्या खरखरीतून, लांबून, पण अगदी सुटा सुटा, दत्तूभाऊंचा आवाज आला.

“चिठ्ठी पाच. अहो, कान दाखवून या.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. अण्णा डोळे मिटून बसले होते, कपाळाला आठ्या.

“चिठ्ठी पाच. अहो, कान दाखवून या.”

अण्णा पुढं झुकले. चकती आणखी फिरते का बघितली. फिरत नव्हती.

तिसऱ्यांदा आलं. सगळं आलं, टिंग टिंगसुद्धा. अण्णांनी डोळे उघडले. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, “न्हाई. काय सुदिक न्हाई. खरखर हाय नुसती. लिव, शून्य.”

आणि मी शून्य लिहिलं.

का लिहिलं? आजही नीट सांगता येत नाही. दया आली असेल. भीती वाटली असेल. त्या वहीत अण्णांच्या तोंडून आलेलाच आकडा जायचा, हे डोक्यात इतकं बसलं होतं. मला स्वच्छ ऐकू आलेलं असताना, मी, जिचा धंदाच तपासायचा, तिनं त्या रकान्यात गोल गरगरीत शून्य काढलं, आणि पाच गावांचा पावसाळा एका पेनाच्या फिरवण्यात घालवला.

“दिवाळीपत्तुर थांबाया लागंल,” अण्णा स्वतःशीच म्हणाले. “यंत्र हलकं निघालं.”

तेवढ्यात काकी बाहेर आल्या. हाताला भाकरीचं पीठ. त्यांनी नखानं त्या पडद्यावरची काळी पट्टी सोलून काढली.

“अगं ए! काय करतीया?”

“बघा तिकडं.”

“बारा वाजून गेलं. दत्तू निगाला आसंल कवाच.”

“न्हाई निगाला. त्याला म्या सांगितलंय, साडेबारापत्तुर बोलत ऱ्हा म्हून.”

पडद्यावर काड्या उठत होत्या. चांगल्या चार-चार. दत्तूभाऊ बोलले की उठायच्या, थांबले की खाली. अण्णा बघत राहिले. मग त्यांनी उजवा कान डब्याला लावला. मग डावा. मग तळहात डब्याच्या जाळीवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि काड्यांकडे बघत बराच वेळ ठेवला. हाताला ते बोलणं लागत असणार. कानाला लागत नव्हतं.

“काय म्हनतोय त्यो?” त्यांनी विचारलं, मला.

मी काकींकडे पाहिलं. त्यांनी मानेनं खुणावलं, सांग.

“अण्णा, ते म्हणताहेत... कान दाखवून या.”

“किती?”

“काय किती?”

“मार्क किती देशील?”

“चार. खरखर आहे, पण शब्द कळतोय.”

“आन लिवलंस काय?”

मी वही त्यांच्यापुढं सरकवली.

“परभनी, माझा कान गेला त्यो वयानं गेला. तुझा हात कशानं गेला?”

अण्णा आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधं बोलले. मला रडूच फुटलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. “रड मागनं. आधी खोड. एका रेगेत. शेजारी चार लिव. सही कर. वरचं तीन कुनाचं? निव्याचं? ते बी खरं सांग.” मी ते पाच केलं. सही केली. माझी ती दोन खोडलेली पापं त्या वहीत आजही वाचता येतात.

मग ते काकींकडे वळले. “कधीपास्नं ठावं हाय तुला?”

“दोन दिवाळ्या झाल्या.”

“आन सांगितलं न्हाईस?”

“रोज सांगते! तुमाला ऐकू कुटं येतंय?” काकींचा आवाज आता चिरकला. “मी बोलले की हूं म्हनता. काय भाजी करू इचारलं की अंदाजानं रोजच्याच भाजीचं नाव सांगता, बरोबर येतं, मंग तुमाला वाटतं ऐकलं. माझं कधी ऐकलं न्हाई, रेडिओचं ऐकाल म्हून त्याच्यातनं सांगितलं. तर त्येबी...” आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

अण्णा उठून खाचराच्या बांधावर जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. टेकडीवर उभं राहून सगळ्या गावाला मार्क देणारा तो उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, पाठ घराकडे करून. मी दोनदा हाक मारली. आता कळत होतं की त्या हाका पोचतच नव्हत्या. आणि ह्याआधीही किती पोचल्या नसतील. मला फार वाईट वाटलं.

चार वाजता मात्र ते आले, तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला, वही काखेला मारली आणि पाच वाजता गट जमणार होता त्या देवळात गेले. मला म्हणाले, “चल. सही तुझी हाय.”

देवळात चाळीसेक माणूस होतं. अण्णांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. “यंत्र चांगलं हाय. खिंडीतनं चार मार्कानं येतंय. ठिवून घ्या. ऐकनारा मातर बदला. म्या नापास झालोय.”

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “अण्णा, चेष्टा करताय व्हय?”

“चेष्टा न्हाई. वही बघा. म्या शून्य दिला हुता, चुकीचा. म्या ऐकत बसलो आन कुनी खिंडीतनं जीव तोडून वरडला, तर मी म्हननार खरखर हाय. मानूस मरंल त्यात. तवा मी बसनार न्हाई.”

“मग बसवायचं कुनाला? दिसभर कोन बसतंय?”

“आमची ही बसंल.”

“काकी?” एक जण हसला. “त्यांना काय अनुभव?”

“चाळीस वर्सं माझं ऐकून घेतीया,” अण्णा म्हणाले. “ह्याच्यापेक्षा आवघड काम कुटलं असंल तर सांगा.”

देऊळ हसलं. काकी बायकांत बसल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून बसल्या. डबा पडवीतून ओट्याशेजारी गेला. भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या. त्याच पावसाळ्यात, लाइट जाऊन दोन दिवस झालेले असताना, भर दुपारी दत्तूभाऊंचा आवाज आला की निव्यात एका बाईला पायाला साप चावलाय, गाडी पाठवा. डोंगर कोसळल्यासारखा पाऊस पत्र्यावर वाजत होता, मला शेजारी उभं राहून ऐकू आलं नव्हतं. काकींना आलं. माल्यातून जीप गेली, बाई पौडच्या दवाखान्यात वेळेत पोचली, वाचली. काकींनी वहीत “तीन” लिहिलं, सही केली आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती जळाली होती.

अण्णांनी कान दाखवले का? दाखवले. पुण्याला मीच घेऊन गेले. आणि तिथंही त्यांनी जी काय तपासणी लावली! काचेच्या खोलीत बसवून त्या मुलीनं शब्द म्हणायला सुरुवात केली, “आजोबा, मी म्हणते ते परत म्हणा.” अण्णा म्हणाले, “बाई, तुमी आधी माझ्याकडं पाठ करून बसा. तुमचं व्हट दिसतात मला. व्हट बघून म्या सगळं सांगीन, मार्क खोटं पडतील.” ती मुलगी बघतच राहिली. मग वळून बसली. मार्क खरे पडले, म्हणजे वाईट पडले. अण्णांनी कागद नीट वाचला, घडी घालून वहीत ठेवला.

कानातलं यंत्र मिळालं त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांची नोंद सुरू होती. भुकूमला गाडी थांबली तिथं भेळवाला पाच, पिरंगुटला ट्रकचा हॉर्न पाच अधिक, नको इतका. घरी आले, चप्पल काढली, आणि पडवीतच एकदम थांबले. मान वाकडी करून उभे. मग आत गेले, पाना घेतला आणि मोरीत जाऊन बसले.

काकींनी मला खूण केली, गप. आतून बराच वेळ खाटखूट ऐकू आली.

“अगं,” शेवटी मोरीतून आवाज आला, “कधीपास्नं गळत हुता ह्यो?”

“दोन दिवाळ्या,” काकी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला. ह्या वेळी हसायला.

त्या यंत्रानं घरातलं बोलणं ऐकू येऊ लागलं. खरखरीतलं मात्र नाही ते नाहीच. अण्णांनी स्वतःला तीनदा तपासलं, खिंडीवर तिन्ही वेळा शून्य, आणि विषय मिटवला. “कान गेला तरी गळा शाबूत हाय,” म्हणाले, आणि जागा बदलली. आता दत्तूभाऊंच्या मागं बसून लांब ते जायचे आणि बोलायचे, काकी घरी बसून मार्क द्यायच्या. मार्क द्यायला काकी अण्णांपेक्षा वाईट होत्या. नवऱ्याला पाच म्हणून कधी मिळाले नाहीत. “पुटपुटता तुमी,” म्हणायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं मला हैदराबादला धाडलं. शनिवारी अण्णांना सांगितलं की उद्या दुपारी निघते. ते म्हणाले, “उद्या आमची पावसाळ्याआधीची तपासनी हाय, बाराला खिंडीत. तुझी येसटी कितीची?”

“साडेबाराची.”

“मग काय आपली भेट न्हाई,” म्हणाले, आणि वळून एरियलची तार ताणू लागले. एवढंच! मला रागच आला. रविवारी सकाळी जिन्यावरून बघितलं तर मोटारसायकल निघाली होती. दत्तूभाऊ पुढं, मागं अण्णा ताठ बसलेले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, मांडीवर यंत्र. वळणावर त्यांनी मागं पाहिलंसुद्धा नाही.

बारा वाजता मी सामान घेऊन काकींजवळ ओट्याशी उभी होते. डब्यावर काळी पट्टी होती. खरखर सुरू झाली.

“चिठ्ठी पाच,” लांबून अण्णांचा आवाज आला. मग कागद चुरगळल्यासारखा आवाज. “चिठ्ठी ऱ्हाऊ दे. परभनी, नीट जा. पोचल्यावर काकीला फोन कर. आन ऐकू येतंय का इचारू नगंस, भाजी इचार. टिंग टिंग.”

मी तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होते. मग आठवलं, ह्या यंत्रातून बोलता येत नाही. तिकडं खिंडीत त्यांनाही ते माहीत होतं. तरी ते दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्यांदाही बोलले, नियमाप्रमाणे, तेच शब्द, तीच डबल बेल.

काकींनी वही माझ्यापुढं सरकवली. “आज तू लिव. किती?”

मी पाच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“पाच? खरखर हुती की.”

“शब्द न् शब्द कळला, काकी.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पेन परत माझ्या हातात दिलं.

“मंग सही कर,” त्या म्हणाल्या. मी सही केली.